समोरची खिडकी

(वसंत व्याख्यानमाला, गांधीबाग)

मंडळी, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना तुम्ही दुकानं आवरून इथं आलात, म्हणजे अर्धं व्याख्यान तुम्हीच दिलंत. उरलेलं अर्धं तुमच्या गादीवरच्या हवेबद्दल.

गेल्या आठवड्यात इथल्याच एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे गेलो होतो. माडीवरचं ऑफिस, बारा बाय दहाची खोली. तीन भिंतींना तागे, चौथीला काचेचं दार. आत सहा माणसं, एसी अठरावर, गणपतीपुढे उदबत्ती. दार जरासं उघडं राहिलं, तर आतून हाक आली, "भाऊ, दार लावून घ्या, ठंडी जाते!" अर्ध्या तासात मी जांभया देऊ लागलो. मुनीमजी म्हणाले, "ऊन लागलं असेल, खिशात कांदा ठेवत जा."

ऊन कुठलं! दहा फूट उंचीच्या त्या खोलीत हवा मावते साधारण 34 हजार लिटर. बसलेला माणूस तासाला सुमारे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा जणांचा 108. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत 420 च्या आसपास असतो. दाराच्या फटीही बुजवल्या, तर तिथं हजाराचा आकडा अकरा मिनिटांत गाठला जातो. ताग्यांनी खाल्लेली जागा मी वजा केलेली नाही. प्रत्यक्षात फटी असतात, म्हणून थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

हजारच का? म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये ही मर्यादा सुचवली. इतक्या प्रमाणात तो वायू विष ठरतो म्हणून नव्हे; खोलीतली हवा किती उष्टी झाली, याची ती खूण. त्याच्या मागोमाग बाकीचंही साठतं: उदबत्तीचा धूर, कापडाचे बारीक तंतू, प्लायवूडमधून आणि सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाच्या फिनिशिंगमधून सुटणारं फॉर्मल्डिहाइड. आपला नेहमीचा स्प्लिट एसी यातलं काही बाहेर टाकत नाही. तीच हवा ओढतो, गार करतो, परत देतो.

आता गंमत पाहा. कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद राहिली, की नागपुरातली आजीसुद्धा ओरडते. आत आलेल्या हवेला जायला वाट नसेल तर अंग चिकट होतं, हे तिला पक्कं ठाऊक. कूलर गारवा देता देता खोलीतली हवा दिवसभर बदलत होता. एसी आला आणि त्या खिडकीवर आपण तागे रचले. कूलर परत आणा, असं मी म्हणणार नाही. ओलीनं माल खराब होतो, टाकीत डास होतात.

"पण खिडकी उघडली की सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूची धूळ आत येते," असं तिथले शेठजी म्हणाले. खरं आहे. म्हणून हवा रस्त्याकडून घ्यायचीच नाही. मागच्या बोळातून किंवा गच्चीकडून घ्या, फिल्टर लावून, छोट्या पंख्यानं. एक्झॉस्ट समोरच्या भिंतीवर, वर. दोन्ही एकाच भिंतीला लावले, तर आलेली हवा तशीच निघून जाते आणि माणसं कोरडी राहतात. थोडी ठंडी जाईल, बिल थोडं वाढेल.

जुन्या इमारतीत भिंत फोडायचीही गरज नसते बहुधा. तिथं आम्ही फॉल्स सीलिंगचा एक पत्रा सरकवून टॉर्च मारला. वर झरोका होता, लोखंडी गजांचा, पुठ्ठा ठोकून बंद केलेला. मुनीमजींनी स्टूल मागवलं.