इंग्रजी कोणती घ्यायची?

(हिवरखेड येथे दहावी-बारावीच्या मुलामुलींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावणाऱ्या पोट्ट्यांनी एक चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर एकच प्रश्न : वकिली करायची असेल तर अकरावीला इंग्रजीचं काय घ्यावं? बरं वाटलं. आमच्या सभांत सहसा क्रांती कधी होणार या छापाचे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं देणं सोपं असतं. याचं उत्तर चुकलं तर मात्र एखाद्या पोराची दोन वर्षं फुकट जातात.

तेव्हा आधी रोकडा हिशेब. वकिलीसाठी बारावीला अमुकच विषय पाहिजे अशी अट कुठंही नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कशातूनही बारावी झालात की पाच वर्षांचा अभ्यासक्रम मोकळा. पदवी झाली असेल तर तीन वर्षांचा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. म्हणून दहावीला ऐंशी टक्के पडले की पोराला सायन्सच्या दावणीला बांधायचं काही कारण नाही. घरचे म्हणतील, आर्ट्स घेतलं, पोरगं वाया गेलं. म्हणू द्या.

आता इंग्रजी. मराठी शाळेतल्या पोराची दहावीची इंग्रजी ही तृतीय भाषा. इंग्रजी माध्यमातल्या पोराची ती प्रथम भाषा. एकाच बोर्डात दोन इंग्रज्या. आणि अकरावीत गेलं की दोघांपुढं एकच युवकभारती, एकच पेपर. आपलं पोरगं इथं पहिल्यांदा बिचकतं आणि गाईडच्या आडोशाला जाऊन बसतं. सेमी-इंग्रजीनं हे सुटत नाही. त्यात गणित-विज्ञान इंग्रजीत असतं. समीकरण सोडवता आलं म्हणून चार ओळींचं वाक्य वाचता येतं असं नाही. कला शाखेत काही कॉलेजांत इंग्रजी साहित्य हा वेगळा ऐच्छिक विषय असतो. जवळ मिळत असेल तर जरूर घ्या. पण तेवढ्यासाठी अकोल्याला खोली करून राहावं इतका तो मोलाचा नाही. त्याच्याऐवजी तर्कशास्त्र, राज्यशास्त्र मिळालं तरी नुकसान नाही. सक्तीची जी इंग्रजी सगळ्यांनाच आहे, तीच नीट घ्यायची आहे. नीट म्हणजे काय, ते सांगतो.

विषय निवडणं ही आपल्याकडं कधी नुसती आवडीची गोष्ट नव्हती. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला ते मिळालं नाही, फारशी घ्यावी लागली. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला इंग्रजी आणि फारशी घेऊन बी.ए., आणि १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. आज दहावीला हिंदी-संस्कृत संयुक्त घ्यायला तुम्हाला कोणी अडवत नाही. घ्या, मार्क पडतात. आज दार अर्धवट लोटलेलं आहे ते इंग्रजीचं.

कसं ते पाहा. खालच्या कोर्टात साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, कामकाज मराठीत चालू शकतं. तीच फाईल अपिलात नागपूर खंडपीठापुढं गेली की तिची भाषा बदलते. घटनेचं ३४८ वं कलम सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टांची भाषा इंग्रजी ठरवतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार इथल्या हायकोर्टांत हिंदीला वाट मिळाली. मुंबई हायकोर्टात मराठीला नाही. सुप्रीम कोर्टाच्या निकालांची मराठी भाषांतरं हल्ली निघतात, पण त्यांच्यावर लिहिलेलं असतं की खरा मानायचा तो इंग्रजी मजकूर. हे बदललंच पाहिजे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण आपलं भांडण मिटेपर्यंत आपल्या माणसाचं अपील थांबत नाही.

आता मुद्द्याचं. गावातल्या फिर्यादीत एक वाक्य हमखास असतं : 'तो माह्या आंगावर धावून आला.' मारलं का? नाही, लोकांनी आवरलं. मग समोरचा शहाणा म्हणतो, हात लागला नाही म्हणजे गुन्हाच नाही, घरी जा. कायद्यात 'असॉल्ट' असा शब्द आहे. वर्तमानपत्राच्या इंग्रजीत असॉल्ट म्हणजे मारहाण. गाईडमध्येही तेच. कायद्यात तसं नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ३५१, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३०, उघडून वाचा. समोरच्याला आता आपल्यावर हात पडणार अशी भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी जाणूनबुजून केली, की असॉल्ट झाला. बोटसुद्धा लागायची गरज नाही. नुसत्या शब्दांनी तो होत नाही. पण शब्दांमुळं हावभावाला तो अर्थ येऊ शकतो. म्हणजे तुमच्या आजीचं 'आंगावर धावून आला' हे वाक्य कायद्याच्या व्याख्येत जसंच्या तसं बसतं. ते बसवायला वकिलाला दोन्ही भाषा पाहिजेत. एकच येत असेल तर आजीचं वाक्य फुकट जातं.

दुसरं उदाहरण जड आहे. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं. २०१० साली नागपूर खंडपीठानं सहा जणांची फाशी २५ वर्षांच्या कैदेवर आणली, आणि खून सूडापोटी झाले, जातीमुळं नाहीत, हेच कायम ठेवलं. त्या वेळी कायद्याच्या कलम ३, पोटकलम २ मधल्या पाचव्या खंडात शब्द होते 'ऑन द ग्राउंड दॅट' : ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून गुन्हा केला, असं सिद्ध करा. आता मारणाऱ्याच्या डोक्यातलं कारण कोण कागदावर आणून देणार? जमिनीचा वाद होता, साक्षीचा राग होता, असं म्हटलं की जात निसटते. २६ जानेवारी २०१६ पासून त्या जागी शब्द आले 'नोइंग दॅट' : ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना. शिवाय कलम ८ मध्ये भर पडली. आरोपीची फिर्यादीशी किंवा त्याच्या घरच्यांशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालेल, उलट सिद्ध होईपर्यंत. गावात कोण कुठल्या वस्तीतला हे कोणाला माहीत नसतं राज्या? चार शब्द गेले, दोन आले, आणि सिद्ध करायचं ओझं बदललं. हे शब्द बोर्डाच्या पेपरात स्पेलिंगला येतात, अर्थाला येत नाहीत.

तसंच 'पब्लिक प्लेस' आणि 'प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू'. पहिली सार्वजनिक जागा. दुसरी खाजगीही असेल, पण लोकांना दिसणारी. सुप्रीम कोर्टानं २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात हा फरक सांगितला. घराच्या फाटकापाशी दिलेली जातिवाचक शिवी त्यात बसली. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना दिलेली बसली नाही. म्हणून फिर्याद लिहिताना ओटा होता की माजघर होतं, कोण उभं होतं, हे पहिल्याच दिवशी लिहायचं असतं.

तर वकिलाची इंग्रजी ही अशी, बारक्या शब्दांची. अकोल्याच्या भिंतींवर ज्या स्पोकन इंग्लिशच्या जाहिराती असतात, ती ही नव्हे. तीन महिन्यांत फाडफाड बोलायला शिकवतील, पण 'शॅल' आणि 'मे' यांतला फरक तिथं कोणी शिकवणार नाही. उच्चाराची लाज तर सोडूनच द्या. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणाऱ्या चिपळूणकरांनी जोतीरावांच्या मराठीची टर उडवली होती. भाषेवरून माणूस मोजायची ती जुनी खोड आहे.

बारावीच्या पुस्तकात सारांशलेखन आणि नोट-मेकिंग आहे. पोरं ते चार मार्कांचं म्हणून पाठ करतात किंवा टाकून देतात. वकिलीच्या दृष्टीनं सगळ्या पुस्तकात हेच सोनं आहे. शंभर पानांच्या निकालातून कोर्टानं नेमकं काय ठरवलं ते दहा ओळींत काढणं, हेच काम पुढं जन्मभर करायचं आहे. प्रवेशपरीक्षेतही तेच. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, त्यात नागपूरचं आलं, क्लॅट द्यावी लागते आणि ती फक्त इंग्रजीत होते : दोन तासांत १२० प्रश्न, बहुतेक लांब उताऱ्यांवरचे. तिथं वाचणारा टिकतो.

आणि मराठी सोडू नका. अकरावीला मराठी टाकून आयटी घ्यायची टूम आहे, मार्कांसाठी. उलटतपासणीत म्हातारी 'मले ठाव नाही' म्हणाली आणि टंकलेखकानं 'नाकारते' असं उतरवलं, तर तिथल्या तिथं उठून हरकत घेणारा वकील पाहिजे. 'ठाव नाही' म्हणजे माहीत नाही. नाकारणं वेगळं.

वाचायला काय घ्यायचं असं विचाराल. गोष्टीची पुस्तकं वाचाच, पण वसंत मून यांनी संपादित केलेल्या, सरकारनं १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांचा पहिला खंड धरा. त्यात 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, १९३६ चं; युक्तिवाद कसा बांधावा याचा त्याच्याइतका चांगला धडा कुठल्या क्रमिक पुस्तकात नाही. कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अमरावतीत जन्मलेले भूषण गवई १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले, २३ नोव्हेंबरला निवृत्त झाले. आनंद झाला ना? आता त्यांनी २०२४ मध्ये उपवर्गीकरणाच्या खटल्यात क्रिमी लेयरबद्दल जे लिहिलं, त्यावर आपल्यातच केवढी भांडणं आहेत. तो निकाल पाचशेवर पानांचा आहे. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला, हात वर करा.

येत्या रविवारपासून संध्याकाळी विहारात बसू. पहिल्या दिवशी ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३, त्यातलं फक्त पहिलं पोटकलम. डिक्शनरी एकच पुरे. आणि ज्यांच्या घरी ट्रंकेत कोर्टाचे जुने कागद पडले असतील, वाटणीचे, वावराचे, मारहाणीचे, त्यांनी ते सोबत आणा.