फोनवाल्या पोरांसाठी विंडोजची तोंडओळख

आजचा भाग धाडवरून. धाड म्हणजे बुलढाणा तालुक्यातलं, मराठवाड्याच्या हद्दीजवळचं आमचं गाव. आज बोलायचंय विंडोजबद्दल. तुम्ही म्हणाल, फोन असताना हे काऊन? तर आधी माझी फजिती ऐका.

बारावीनंतर एका ऑफिसात डेटा एन्ट्रीच्या कामासाठी गेलो होतो. चाचणी साधी होती. मराठीत एक पत्र टाइप करायचं, फोल्डर बनवून त्यात ठेवायचं आणि प्रिंट द्यायची. मी फोनवर व्हिडिओ एडिट करणारा पोरगा, मला कसली भीती? बसलो, आणि पहिल्यांदा बोटानं स्क्रीनच दाबली! शेजारचा हसला. कसंबसं पत्र टाइप केलं. मग वरचं फुलीचं बटण दाबलं. त्यानं विचारलं, सेव्ह करायचं का? मला वाटलं, फोनसारखं आपोआप होत असेल. 'डोन्ट सेव्ह' दाबलं. पत्र गायब, काम पण गेलं. घरी बाबांना खरं सांगायला दोन दिवस लागले.

तेव्हा कळलं, फोन येणं वेगळं आणि कॉम्प्युटर येणं वेगळं.

आता विंडोज म्हणजे नेमकं काय? एसटी स्टँडवरचा कंट्रोलर आठवा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कोण आधी सुटेल, हे तो ठरवतो. कॉम्प्युटरमध्ये वर्ड, ब्राउझर, प्रिंटर, मेमरी या सगळ्यांना जागा आणि वेळ वाटून देणारा कंट्रोलर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. फोनमध्ये हे काम अँड्रॉइड करतं, बहुतेक डेस्कटॉपवर विंडोज करतं. मायक्रोसॉफ्टनं पहिलं विंडोज 1985 मध्ये आणलं. स्टार्ट बटण आणि खालची पट्टी आली विंडोज 95 मध्ये, म्हणजे 1995 साली. आपल्याकडे 2001 पासून एमएस-सीआयटीचे क्लास सुरू झाले, आणि गावोगावच्या कितीतरी पोरांनी पहिला माउस तिथंच धरला.

यात मराठी माणसाचाही हात आहे बरं का! विंडोजमध्ये देवनागरीसाठी 'मंगल' नावाचा फॉन्ट असतो. तो बनवला प्रा. र. कृ. जोशी यांनी. मोठे सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे.

आता चार कामाच्या गोष्टी, लिहून घ्या.

एक, सेव्ह. कंट्रोल आणि एस. दर पाच मिनिटांनी दाबा. कुठं सेव्ह केलं ते फोल्डर लक्षात ठेवा. फोनमध्ये आपण ॲप शोधतो, इथं फाइल शोधावी लागते.

दोन, चुकलं तर घाबरू नका. कंट्रोल आणि झेड दाबलं की एक पाऊल मागं.

तीन, मराठी. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात जाऊन मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायचं असेल तर फोनेटिक कीबोर्ड निवडा.

चार, आपलं विंडोज कोणतं ते बघा. विंडोज बटण आणि आर दाबा, मग विनव्हर लिहून एंटर मारा.

हे चौथं महत्त्वाचं आहे, कारण विंडोज मालकीचं सॉफ्टवेअर आहे. भाड्याच्या गाळ्यासारखं समजा. चावी तुमच्याकडे, धंदा तुमचा, पण भिंत पाडायचा हक्क नाही. आतला कोड कंपनीकडेच राहतो, आणि दुरुस्ती कधी थांबवायची हेही कंपनीच ठरवते. विंडोज 10 ची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण चोरवाटा बुजवणारे नवीन अपडेट आपोआप मिळत नाहीत. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज 11 घ्यावं म्हटलं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, ती कितीतरी जुन्या मशीनमध्ये नाही.

आता विचार करा, गावातल्या सेवा केंद्रावर आपण आधार, सातबारा, पासबुक सगळं देतो. तो कॉम्प्युटर जुना, त्यात कुणीतरी पेनड्राइव्हवरून चोरीचं विंडोज टाकून दिलेलं. अशा कॉपीत व्हायरस लपलेला असू शकतो. नुकसान दुकानदाराचं, तसंच आपलंही. म्हणून काम झाल्यावर तुमची फाइल डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. संकोच करू नका.

पैसे नसतील तर लिनक्स आहे, फुकट आणि कायदेशीर. आपल्या सी-डॅकनं बॉस नावाचं लिनक्स बनवलंय. पण नोकरीच्या ठिकाणी बहुतेक वेळा विंडोजच समोर येतं, म्हणून ते आलंच पाहिजे.

मी नंतर मित्राच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज तासभर बसायचो. वर्षभरानं दुसऱ्या ठिकाणी तशीच चाचणी दिली. पत्राची पहिली ओळ झाली आणि बोटं आपसूक कंट्रोल-एसवर गेली. आज त्याच पगारातून हा माइक घेतलाय.

तर या आठवड्यात कुणाच्याही कॉम्प्युटरवर अर्धा तास बसा, आपल्या नावाचं फोल्डर करा, त्यात मराठीत एक पत्र लिहून ठेवा. जमलं की मला सांगा. आणि हो, सेव्ह करायला विसरू नका! भेटू पुढच्या भागात.