पथ्याची नोंदवही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गणितात उत्तराइतकेच रीतीलाही गुण देत. मधुमेहाचे निदान झाल्यावर मला त्याच शिस्तीचा आधार वाटला.

उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक, आणि फेरतपासणीतही तेच, की मधुमेह ठरतो. एचबीएवनसी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. कोणत्या ताटाने साखर चढली, हे सांगत नाही. ते घरच्या ग्लुकोमीटरने कळते. जेवणापूर्वी एकदा आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी पुन्हा मोजावे.

आम्हां इंदूरकरांची सकाळ पोहे-जिलबीने उजाडते. जिलबीचा गोडवा जिभेला कळतो, म्हणून ती सोडणे सोपे. पोह्यांचा संशय कोणास यावा? माझ्या वहीत मात्र भरल्या बशीनंतर २१४ हा आकडा पडला. अर्धी बशी पोहे आणि वाटीभर मुगाची उसळ घेतली, तेव्हा १६२. हा आकडा साधारणतः १८० च्या आत असावा, असे मानतात.

माझे आकडे आपले नव्हेत. प्रत्येकाने आपली वही लिहावी आणि डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना परस्पर आहार तोडू नये. साखर ७० च्या खाली जाणेही धोक्याचेच.

हा आजार आरंभी दुखत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. न मोजलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांची संवेदना निमूटपणे झिजवीत राहते.