त्याचं नाव काय होतं?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ज्यांनी छड्या दिल्या त्यांच्यासमोर शिक्षिका म्हणून उभं राहायचं, म्हणजे हाताला अजूनही घाम सुटतो. पण संयोजक म्हणाले, 'तुझ्या वर्गातलं काहीतरी सांग.' म्हणून सांगते.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेत सहावीला शिकवते. पालक कारखान्यांत कामाला. कुणी हिंगोलीचे, कुणी उत्तर प्रदेशाचे, कुणी बिहारचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे वयानुसार वर्ग मिळतो, वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. पण पटावर नाव चढलं म्हणजे मूल वर्गात आलं, असं होत नाही. एक मुलगा तीन महिने शेवटच्या बाकावर गप्प बसून होता. पोरं त्याला 'बिहारी' म्हणत. खरं सांगते, मीही कधी अडवलं नाही.

अमेरिकेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या मुलांसाठी तत्त्वचर्चेची पद्धत रुजवली. मुलांनी गोलात बसायचं, प्रश्नावर एकत्र विचार करायचा, बाईंनी उत्तर सांगायचं नाही. त्याविषयी वाचलं आणि वाटलं, करून बघू. प्रश्नासाठी लांब जावं लागलं नाही. बाबासाहेबांनी आपल्या शहरात काढलेल्या महाविद्यालयाला ज्याचं नाव आहे, तो मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारे भिक्षू नागसेन. त्यांच्यावरून तो परिसर नागसेनवन झाला. राजा नाव विचारतो, तेव्हा नागसेन म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसतं नाव आहे. मग ते राजालाच विचारतात, तुझा रथ म्हणजे नेमकं काय? चाकं? आस? जू?

मी रथाऐवजी रिक्षा घेतली. चाक म्हणजे रिक्षा का? हँडल? हूड? दोनच नियम : कोणत्याही भाषेत बोला, आणि दुसऱ्याचं खोडण्याआधी तो काय म्हणाला ते सांगा.

शेवटच्या बाकावरचा हात वर आला. 'पार्ट पड़े हैं तो गाड़ी नहीं है, मॅडम. जोड़ते हैं तब बनती है. मेरे पापा जोड़ते हैं.' नागसेनांचं उत्तर याच वाटेनं जातं. नियमाप्रमाणे पुढच्या मुलीला आधी त्याचं म्हणणं मराठीत सांगावं लागलं. तीन महिन्यांत त्याचं बोलणं वर्गानं पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

मग तिनंच विचारलं, 'बाई, नाव जर नुसतं नाव असतं, तर आपण ह्याला बिहारी का म्हणतो?' तो म्हणाला, 'मैं तो झारखंड का हूँ.' वर्ग हसला, तोही हसला. मी मात्र हसू शकले नाही. त्याचा दाखला माझ्याच कपाटात होता.

पुढच्या आठवड्यात प्रश्न होता : हबशी देशातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आपलं हे शहर. तो इथला की बाहेरचा? अर्धा तास वाद झाला. तो म्हणाला, 'नहर बनाई, सबको पानी दिया, तो यहीं के.' एकानं खोडलं : 'मग ज्यानं काहीच बांधलं नाही, तो बाहेरचा का?' त्यावर अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

या चर्चांनी सगळं सुटत नाही. वडिलांचं कंत्राट संपलं आणि तो मुलगा दिवाळीनंतर निघून गेला. जाताना मात्र पोरांनी त्याला नावानं हाक मारली.

आता आपल्याविषयी. आठवीत एक मुलगा आपल्या वर्गात मध्येच आला होता, आठवतं? वडील बांधकामावर होते, आंध्रातून आलेले. आपण त्याला 'मद्रासी' म्हणायचो. डबा एकटा खायचा. परीक्षेआधी तो दिसेनासा झाला, आणि कुणी विचारलंही नाही. आजच्या यादीत तो नाही. यादी करणाऱ्यांत मीही होते. काय लिहिणार? मला त्याचं नावच आठवेना.

तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल, तर जेवणाआधी मला येऊन सांगा.