जमीन जुनी, शेर नवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

पाळी संपवून माणसं बोईसरहून आमच्या पामला परततात, नाक्यावर चहा घेतात आणि पाऊस, राजकारण, बोनस हे विषय संपले की पन्नाशीतला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘‘काय त्या जुन्या विनोदी मालिका होत्या! त्याच पुन्हा का काढत नाहीत?’’ मग नावं निघतात. चिमणराव, ये जो है जिंदगी, नुक्कड, वागले की दुनिया. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तितकं साधं नाही. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आधी एक फरक करू. जुनी मालिका पुन्हा दाखवणं वेगळं आणि पुन्हा काढणं वेगळं. २०२० च्या टाळेबंदीत नवं चित्रीकरण थांबलं, तेव्हा दूरदर्शनने आपली जुनी पेटी उघडली. रामायण-महाभारताबरोबर ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’ या विनोदी मालिकाही पुन्हा लागल्या. त्याला कुणाची हरकत असणार? अल्बममधला जुना फोटो काढून पाहावा, तसंच ते. पण त्याच फोटोतली माणसं त्याच ओळीत उभी करून नवा फोटो काढायचा म्हटलं, की पंचाईत होते. कुणाचे केस गेलेले असतात, कुणी माणूसच गेलेला असतो.

म्हणून पुन्हा काढूच नये, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे मी चिमणरावांचीच साक्ष ठेवतो. ज्याला आपण दूरदर्शनचा चिमणराव म्हणतो, तो मुळात दूरदर्शनचा नव्हेच. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या चि. वि. जोशींनी तो कागदावर उभा केला, १९३० च्या दशकात. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी पडद्यावर आली. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. म्हणजे आपण जिला अस्सल म्हणून उराशी धरतो, ती मालिका स्वतःच एक पुनर्जन्म होती. त्या वेळीही कुणा आजोबांनी नाक मुरडून म्हटलं असेल, ‘‘दामुअण्णांची सर नाही!’’

नाटकात हा पुनर्जन्म सोपा असतो. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ घ्या. तिचं मूळ ‘चार्लीज आंट’ या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनात. विजय चव्हाणांनी ती मावशी गाजवली, पुढे भरत जाधवांनी केली. लोकांनी दोघांनाही टाळ्या दिल्या. भूमिका म्हणजे अंगरखा, आज याच्या अंगावर, उद्या त्याच्या, हे नाटकाच्या प्रेक्षकाला ठाऊक असतं. दूरचित्रवाणीचं तसं नाही. तो चेहरा आठवड्यामागून आठवडे आपण जेवत असताना घरात येऊन बसतो. तो घरचाच होतो. बाळ कर्व्यांनी पुढे कितीतरी भूमिका केल्या, पण ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्याकडे लोक म्हणाले, गुंड्याभाऊ गेले.

‘ये जो है जिंदगी’ १९८४ साली आली. लेखन शरद जोशी या हिंदी लेखकाचं. त्यातले शफी इनामदार दापोलीकडचे, म्हणून आमच्या घरी त्यांचा भलताच अभिमान. सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन येत. इनामदार १९९६ मध्ये गेले, सतीश शाह ऑक्टोबर २०२५ मध्ये. आता तेच नाव घेऊन, तेच प्रसंग नव्या नटांकडून करवून घेतले, तर दारावरची पाटी तेवढी जुनी राहील, घर परक्याचं वाटेल.

मग जमतं कसं? एक वाट ‘वागले की दुनिया’ने दाखवली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा वागळे १९८८ मध्ये दूरदर्शनवर आला. अंजन श्रीवास्तव वागळे, भारती आचरेकर त्यांची पत्नी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनी सबवर ती मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हा या दोघांना तरुण दाखवण्याचा खटाटोप कुणी केला नाही. त्यांना आजी-आजोबा केलं आणि संसाराचा गाडा मुलाच्या, म्हणजे सुमीत राघवन यांच्या खांद्यावर दिला. मधली तेहतीस वर्षं झाकली नाहीत, गोष्टीतच घेतली. ही मालिका हजार भागांच्या पुढे गेली. सगळेच भाग सारखे उतरले असं मी म्हणणार नाही. रोज शिजवायचं तर एखाद्या दिवशी आमटी पातळ होणारच. पण वाट बरोबर होती.

मी गझल लिहितो, म्हणून मला ही वाट ओळखीची वाटते. मुशायऱ्यात ‘तरही’ नावाचा प्रकार असतो. जुन्या शायराची एक ओळ सर्वांना देतात. तिचं वृत्त, तिचा काफिया, तिचा रदीफ, या सगळ्याला आम्ही ‘जमीन’ म्हणतो. त्या जमिनीत प्रत्येकाने आपली गझल लिहायची. ओळ उघडपणे घ्यायची, ती कुणाची हे सांगायचं, पण शेर मात्र आपला हवा. कुणी जुन्याच शेरातले शब्द इकडचे तिकडे करून आणले, तर मैफल गप्प बसते. ती शांतता शिवीपेक्षा जास्त लागते. मालिकेलाही मी हाच नियम लावीन. जमीन जुनी चालेल, शेर नवा पाहिजे.

आता ही जमीन म्हणजे नेमकं काय? माझ्या लहानपणी पाममध्ये टीव्ही मोजक्याच घरी होते. उंच बांबूला अँटेना बांधलेली, वारा सुटला की चित्रात मुंग्या. ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्या ओटीवर अर्धी आळी. चिमणरावांचं घर पुण्याचं, पांढरपेशं, आमचं मुसलमानाचं. त्यांच्याकडे सोवळं-ओवळं, आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा. पण फुशारकी मारून फजीत होणारा घरधनी, न बोलावता मुक्कामाला आलेला पाहुणा, महिनाअखेरची ओढाताण हे सगळं आमच्याही घरात होतं. अम्मी पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, ‘‘हा तर तुझ्या मामूसारखाच!’’ मराठी मला शाळेने शिकवली हे खरं. ती आपली वाटली ती अशा हसण्यातून. आजही कुणी कौतुकाने विचारतं, ‘‘तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?’’ तेव्हा माझ्यापुढे ती ओटी उभी राहते. ज्या भाषेत सगळी आळी एकदम हसते, ती परकी कशी असेल?

१९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये हेच होतं. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची ही मालिका. कादरभाईच्या हॉटेलात गुरू, हरी, खोपडी सगळे यायचे. कादरभाई हॉटेलवाला होता, नाक्यावरच्या दहा माणसांपैकी एक. त्याचा धर्म हा काही कथेचा विषय नव्हता. १९९३ मध्ये ‘नया नुक्कड’ही आला, पण पहिल्यासारखा लोकांच्या तोंडी राहिला नाही. आज कुणी पुन्हा नुक्कड काढलाच, तर माझं एकच मागणं असेल. कादरभाईला उधारीची वही घेऊन गल्ल्यावर बसू द्या. त्याला एकात्मतेचं भाषण करायला लावू नका आणि त्याच्याकडे संशयानेही पाहू नका. त्याला गिऱ्हाइकावर मनसोक्त वैतागू द्या. आपल्याला शेजारी हवा असतो तो असाच. हे जमलं नाही, तर नुसता चौक आणि जुनं शीर्षकगीत परत आणून काय उपयोग?

आणि जुनं ते सगळंच सोनं नव्हतं. बायकोचा बावळटपणा, कुणाचा रंग, कुणाची जाडी, नोकराची बोली यांवर बेतलेले विनोद तेव्हा सर्रास चालत. आमच्या भागात वारली, मांगेली बोलणारी माणसं ओटीवर शेजारी बसलेली असत. बोलीची टिंगल सुरू झाली की त्यांचं हसू थांबायचं. ते शेर खुशाल गाळावेत.

नव्यांना तोटा नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी, तारापूरला आहे. त्याच्या शेजारी राहून रात्री मेणबत्ती शोधणारा चिमणराव मला वेगळा कल्पावा लागत नाही. लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते. बुलेट ट्रेनचे खांब मोजत, लोकलच्या दारात एका पायावर उभा असलेला चिमणराव कसा दिसेल? गुंड्याभाऊ एमआयडीसीत सुपरवायझर, हाताखाली उत्तर प्रदेशचा वेल्डर आणि ओडिशाचा फिटर, तिघांच्या तीन भाषा. काऊ बचत गटाचा हिशेब चोख ठेवते आणि घरच्या हिशेबात नवऱ्याला पकडते. यातलं चि. वि. जोशींच्या काळी काहीच नव्हतं, पण माणसं त्यांचीच आहेत.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधीचं. त्या काळी चित्रफीत महाग होती. एका कार्यक्रमावर दुसरा चित्रित होई आणि त्यात कितीतरी कार्यक्रम कायमचे पुसले गेले. चि. वि. जोशींची पुस्तकं छापलेली होती, म्हणून आधी चित्रपटवाल्यांना आणि मग दूरदर्शनला त्यांच्याकडे परत जाता आलं. जमीनच पुसली गेली, तर नवा शायर लिहिणार कशावर? म्हणून उरलेल्या फिती नीट जपून, त्यांच्या डिजिटल प्रती करून लोकांसाठी खुल्या कराव्यात. मालिका लिहिणाऱ्यांच्या घरी हस्तलिखितं असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. एखाद्याने तेव्हा घरी व्हिडिओ कॅसेटवर एखादा भाग उतरवून ठेवला असेल, तर बुरशी लागण्याआधी तो बाहेर काढावा.

आणि आपण प्रेक्षकांनीही थोडं करावं. नवा चिमणराव आला, तर पहिल्याच भागाला ‘त्याची सर नाही’ म्हणून टीव्ही बंद करू नये. निदान चार भाग थांबावं. दामुअण्णांनंतर प्रभावळकरांना आपल्या आधीच्या पिढीने तेवढा वेळ दिला होता.