भट्टी राखणाऱ्याचं शिक्षण
(बुलढाणा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अक्षय्य तृतीया झाली की आपल्या जिल्ह्यात भेंडवळच्या घटमांडणीची चर्चा सुरू होते. पावसापाण्याचं आणि पिकांचं भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या शेतात जमतात. त्या मांडणीत पाण्याने भरलेली घागर लागते. घरोघरी पितरांच्या नावाने पाणी भरलं जातं, त्यालाही मातीचंच भांडं हवं. पुढे पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, कोजागरीपर्यंत भुलाबाई, दिवाळीत पणत्या, संक्रांतीला सुगडी. आपलं सबंध वर्ष कुंभाराच्या आव्यातून, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीतून जातं. ती भट्टी धड कशी राहते, हा आजचा विषय आहे.

कुंभार म्हटलं की आपल्याला चाक आठवतं. चाकावर भांडं बिघडलं तर ती माती पुन्हा मळता येते. भाजताना बिघडलं तर ती माती परत मिळत नाही, आणि कित्येक दिवसांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. म्हणून मी म्हणतो, कुंभारकामाचं निम्मं ज्ञान भट्टीत आहे, आणि ते भट्टी दुरुस्त करता करताच हाती येतं.

आपल्याकडे भाजण्याच्या दोन रीती आहेत. पहिली उघड्या आव्याची. जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या यांचे थर, त्यावर भांडी, वरून कुटार, खापऱ्या आणि राखेचं पांघरूण. हा आवा दर वेळी नव्याने रचायचा. दुसरी रीत बांधीव भट्टीची. गोल भिंत, खाली जाळाचं तोंड, मध्ये भोकांची जाळी, जाळीवर भांडी आणि माथ्यावर खापऱ्यांचं झाकण. हिच्यात आच सगळीकडे सारखी लागते आणि जळणही वाचतं. पण बांधलेली वस्तू आली की तिची देखभालही आली.

ही विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कुंभाराची भट्टी सापडली. आपल्याच संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेकाठच्या भोनला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वसाहत उजेडात आली. तिथे विटांचा स्तूप आहे आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरीही आहेत. एवढी मोठी कडी न तडकता भाजणाऱ्या माणसांना आच सांभाळता येत होती, हे उघड आहे.

आता भट्टी बिघडते कुठे, ते पाहू. पहिलं दुखणं पायाशी असतं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर सरळ उभी केलेली भट्टी एका पावसाळ्यात उचलली जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात खचते. मग भिंतीला तिरपी चीर पडते आणि माणूस ती चीर लिंपत बसतो. ती लिंपून भागत नाही. काळी माती काढून खाली मुरूम भरायचा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्यायचा आणि वर छप्पर घालायचं. दुरुस्तीचा पहिला धडा हाच, की चीर दिसते तिथेच तिचं कारण असेल असं नाही.

उभ्या चिरांची गोष्ट वेगळी. भट्टी पेटली की भिंतीची आतली बाजू लाल होते आणि बाहेरची त्या मानाने थंड राहते. आतली बाजू पसरते, बाहेरची ताणली जाते आणि उभी चीर जाते. भट्टी निवाल्यावर आतल्या बाजूलाही बारीक भेगा दिसतात. त्या पुढच्या आचेत मिटतात. नवशिका त्या कडक मसाल्याने ठासून भरतो. पुढच्या वेळी भिंतीला पसरायला जागा उरत नाही आणि ती फुगून बाहेर येते. कोणती भेग भरायची आणि कोणती सोडून द्यायची, हे जाणत्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

भरायची ठरली, तर ती कशी भरायची तेही सांगतो. आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघायची. बद्द आवाज येईल तिथला थर सुटलेला आहे. तो खरवडून काढायचा आणि घट्ट भिंत लागेपर्यंत जायचं. राख झाडून जागा पाण्याने भिजवायची, कारण कोरडी भिंत नव्या मातीतलं पाणी शोषून घेते आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. भिजल्यावर पातळ गाऱ्याचा हात फिरवायचा. मग मूळ मसाला. फुटक्या भांड्यांचा कुटलेला चुरा मातीपेक्षा जास्त घ्यायचा, त्यात थोडं शेण आणि बारीक कुटार. नुसती काळी माती वाळताना फार आकसते. खापराचा चुरा मात्र एकदा भाजून निघालेला असल्याने पुन्हा आकसत नाही. मसाला अंगठ्याने दाबून, पातळ पातळ थरांनी चढवायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. शेवटी चार गोवऱ्यांची मंद धुरी द्यायची आणि मगच भरलेली भट्टी पेटवायची. मागच्या वेळी फुटलेलं भांडं असं पुढच्या भट्टीच्या कामी येतं.

इथे सिमेंटचा मोह होतो. दिसायला पक्कं, वाळायला लवकर. पण सिमेंटला घट्ट धरणारे घटक साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या सुमारास मोडू लागतात, आणि भट्टीला त्याच्या पुढे जायचं असतं. दोन-चार भट्ट्यांत तो लेप भुसभुशीत होतो. शिवाय मातीची भिंत आणि सिमेंट सारख्या मापाने पसरत नाहीत, त्यामुळे लेप जाताना जुनी वीटही सोबत नेतो.

आपल्या जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात आणखी एक अडचण आहे. तिथल्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी गाऱ्यात वापरलं तर त्यातलं मीठ भिंतीत राहतं. पावसाळ्यात ते ओल धरतं, भिंतीला लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात. तिथे गाऱ्यापुरतं तरी गोडं पाणी आणावं.

भट्टीचं दुखणं ओळखायचं तर भाजलेली भांडी वाचता आली पाहिजेत. एकाच बाजूची भांडी काळवंडली, तर तिकडे हवा कमी पोचते आहे. जाळीची भोकं राखेने बुजली असतील किंवा भांडी फार दाटीने रचली असतील. सुरुवातीलाच भांडी फुटली, तर ती ओली होती किंवा जाळ घाईने वाढवला. मातीत धरून राहिलेलं पाणी 100 अंशांच्या आसपास वाफ होऊन जातं, आणि त्या वाफेला वाट हवी. पुढे 573 अंशांना वाळूतली गारगोटी एकदम पसरते आणि निवताना तिथेच एकदम आकसते. म्हणून भट्टी घाईने उघडू नये. भांडं चांगलं भाजलं, पण काही दिवसांनी त्याचा टवका उडाला, तर दोष भट्टीचा नाही. मातीतला चुनखडीचा खडा आचेत चुना होतो, हवेतली ओल पिऊन फुगतो आणि टवका उडवतो. तिथे भिंत लिंपायची नसते, माती चाळायची असते.

हे ज्ञान आज कुठे शिकता येतं? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे. विदर्भात भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गावच्या कुंभारासाठी आयुष्य वेचलं. खादी आयोगाच्या कुंभार सक्षमीकरण कार्यक्रमातून विजेची चाकं मिळू लागली. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. हे चांगलंच झालं. पण विजेच्या चाकावर भांडी जास्त निघतात, म्हणजे भट्टी जास्त वेळा पेटते आणि लवकर झिजते. चाक वेगवान झालं आणि भट्टी खिळखिळी राहिली, तर वाढलेली भांडी अर्धीकच्चीच राहणार.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या इथे बसलेल्या सगळ्यांकडे आहेत. पहिली, प्रत्येक प्रशिक्षणात शिकणाऱ्याला आधी एक जुनी भट्टी उतरवायला द्या. उतरवताना तिचा एकेक थर कळतो, आणि तीच पुन्हा उभी केली की भीती जाते. दुसरी, गावात जी भट्टी बांधाल ती गावातल्याच मातीने आणि खापराने दुरुस्त होईल अशी बांधा. परगावच्या कारागिरावाचून जिची वीट बदलता येत नाही, ती भट्टी पहिल्या मोठ्या चिरेनंतर बंद पडते. तिसरी मागणी जाणत्या कुंभारांसाठी आहे. ज्यांच्या हाताला भिंतीचा आवाज कळतो, त्यांना शिक्षक म्हणून बोलवा, शिक्षकाचंच मानधन द्या, आणि त्यांच्या घरातल्या सुनामुलींनाही शिकणाऱ्यांत घ्या. भांडी वाळवणं, रचणं, राखेवर लक्ष ठेवणं त्या पूर्वीपासून करतच आल्या आहेत.

पावसाळा तोंडावर आहे. ज्यांच्या घरी किंवा शेजारी भट्टी आहे, त्यांनी या आठवड्यातच तिच्या पायाभोवतीची चारी मोकळी करावी आणि छप्पर तपासावं. शिकायची सुरुवात तिथूनच होते.