रक्ताचा कर्करोग : आशा आणि सावधगिरी
(दिलसुखनगर येथील भाषण)



मुलांना होणाऱ्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पूर्वी काही आठवड्यांत वा महिन्यांत मृत्यू येई. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा रोग तात्पुरता हटविला. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिचे संशोधनप्रमुख भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

परंतु दोन धोके ध्यानी धरावेत. ही औषधे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतात; म्हणून उपचार चालू असता ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. दुसरा असा की, महिन्याभरात मूल हसूखेळू लागते आणि आईबाप उपचार सोडतात. दडलेला रोग मग उलटतो. उपचार दोन ते तीन वर्षे पुरे केलेच पाहिजेत.

१९५५ साली स्थापन झालेले मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय लकडीकापुलाजवळ आहे. दिलसुखनगराहून मेट्रो थेट जाते. प्लेटलेट फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. त्या देण्यास तरुणांनी पुढे यावे. ट्रस्टने परगावच्या कुटुंबांच्या मुक्कामाचा व प्रवासखर्चाचा भार उचलावा. पैशांअभावी एकाही मुलाचा उपचार अर्धवट राहू नये, एवढीच विनंती.